रोममधला कामाचा रविवार

विमान बहारीनवरून उठलं तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेला आलेखाचा कागद होता, आणि त्यावर अख्खं रोम शहर चौकटींमध्ये कापून ठेवलेलं होतं. मी प्लॅनिंग इंजिनिअर. बहारीनमधल्या सित्राच्या बाजूच्या एका कारखान्यात कोणतं यंत्र कधी बंद करायचं, कुणी उघडायचं आणि केव्हा पुन्हा चालू करायचं, हे कागदावर मांडण्याचाच मला पगार मिळतो. मआमीर गावावरून रोज त्या धुराड्यांकडे गाडी हाकताना मी मनातल्या मनात असेच चौकोन भरत असतो. ज्याने अख्खा प्लांट उघडून वेळेवर मिटवलाय त्याला एक शहर म्हणजे काय भारी, अशा गुर्मीत मी सीटचा पट्टा आवळला.

शेजारी माझी बायको सुषमा, आणि खिडकीशी आक्का. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वडील लवकर गेले तेव्हा तिने मिरजेच्या मुलींच्या शाळेत चित्रकलेच्या बाईंची नोकरी धरली, मला शिकवलं, आणि तिथूनच निवृत्त झाली. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. व्हिजिट व्हिसावर ती आमच्याकडे बहारीनला, मनामात राहायला आली आणि ‘आता हिला जग दाखवायचं’ असं मी जाहीर करून टाकलं.

जग म्हणजे नेमकं कोणतं, हे ठरलं एका शुक्रवारी जेवणानंतर. आमच्याकडे हमीदभाई आले होते. हे राजापूरकडचे, मनामात एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढून देतात आणि येताना घरची सांदणं घेऊन येतात. आक्का सांदणांवर खूश होती. सुषमा म्हणाली, “वन्सं, आम्ही लंडन म्हणतोय. तुम्हाला कुठं जायचंय ते सांगा.”

“मला रोमचं ते छत बघायचंय,” आक्का ताबडतोब म्हणाली. “तेवढं एक दाखवा. बाकी तुम्ही न्याल तिकडं येते.”

ते छत मला ठाऊक होतं. शाळेच्या कपाटाच्या दाराला आतून तिने एका इंग्रजी मासिकातलं चित्र चिकटवलं होतं. सिस्टीन चॅपेलच्या छतावरचं, एकमेकांकडे झेपावणाऱ्या दोन हातांचं. मुलींना हात काढायला ती त्याच्यावरून शिकवायची. “तोंड कुणीही काढतं गं, हात काढून दाखवा,” हे तिचं वाक्य मिरजेतल्या कितीतरी बायकांना अजून पाठ असेल. कागद पिवळा पडला, कडा झिजल्या, शाई उडाली, तरी तिने तो बदलला नाही. आता तिला खरा हात बघायचा होता.

लंडन बाद झालं. मी आलेखाचा कागद पसरला. आमच्या सुट्ट्या ईदला जोडून मिळणार होत्या, आणि ईद चंद्रावर अवलंबून. “हमीदभाई, ईद बुधवारी की गुरुवारी?” मी विचारलं.

“ते चंद्राला विचारा साहेब, मला नको,” ते म्हणाले. “पण रोमला आपली फ्लाइट गुरुवारी आणि सोमवारी. गुरुवारी जा, सोमवारी सकाळी साडेदहाला तिथनं निघा. ईद कधीही असू दे, आपली सीट पक्की. इंशाल्ला.”

म्हणजे हातात शुक्रवार, शनिवार आणि रविवार. आता छत कोणत्या दिवशी? इथे माझी धंद्यातली अक्कल कामाला लागली. मुख्य काम नेहमी गर्दी नसलेल्या दिवशी करावं. शुक्रवार बाद, सुट्टीच्या दिवशी झुंबड असणार. शनिवारी आठवड्याची सुरुवात, त्यामुळे तोही नको. रविवार मात्र उत्तम. रविवारी लोक आपापल्या कामाला गेलेले असतात, छत आहे ते व्हॅटिकनचं म्युझियम रिकामं मिळेल, आणि आक्काला निवांत बघता येईल.

“हे बरोबर आहे,” हमीदभाई म्हणाले.

“हो, रविवारीच ठेवा,” सुषमा म्हणाली.

माझ्या त्या हुशारीला त्या खोलीत कुणीही हरकत घेतली नाही, याचं कारण साधं होतं. आम्हा तिघांनाही बहारीनमध्ये येऊन इतकी वर्षं झाली होती की रविवार म्हटल्यावर डोळ्यांसमोर डबा, गाडीची किल्ली आणि ऑफिसच येई. तिथे सुट्टी शुक्रवारी. हमीदभाईंचं तिकिटांचं दुकान रविवारी उघडं. सुषमा सलमानियाच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये, तिची रविवारी ड्यूटी. आक्काची शाळा जन्मभर रविवारी बंद असायची, पण माझ्या, म्हणजे तिच्या नंदूच्या, कागदावर तिने प्रश्न विचारला नाही.

पुढचं सगळं झोकात झालं. कंपनीच्या पर्सोनेल ऑफिसातून पासपोर्ट सोडवून आणले, व्हिसे मिळाले. आक्काचा बहारीनचा व्हिजिट व्हिसा एकाच प्रवेशाचा, एकदा बाहेर पडली की खलास. म्हणून हमीदभाईंनी तिचं तिकीट असं बसवलं की परतीला आम्ही तिघं रोमहून बहारीनला यायचं, आम्ही दोघं बाहेर पडायचं आणि तिने विमानतळाच्या आतूनच मुंबईचं विमान धरायचं. आक्काने दशम्या केल्या, मेतकुटाची बरणी भरली, आणि आमची यात्रा निघाली.

रोममध्ये उतरलो तर गारवा आणि बारीक पाऊस. बहारीनमध्ये स्वेटर वापरायचा तो ऑफिसातल्या एसीसाठी, त्यामुळे आमच्या अंगावरचे स्वेटर असून नसल्यासारखेच होते. स्टेशनजवळच्या एका गल्लीत आमचं पेन्सिओने (घरातल्याच खोल्या भाड्याने देतात तसलं छोटं हॉटेल) होतं. मालकीणबाई आक्काच्याच वयाच्या, आडव्या बांध्याच्या. त्यांचं इंग्रजी ‘गुड मॉर्निंग’च्या पुढे फारसं जात नव्हतं. पण आम्ही खोलीत सामान लावून येईपर्यंत आक्का त्यांच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून त्यांच्यासारखीच कार्चोफी (कमळाच्या कळीसारखी दिसणारी एक भाजी) सोलत होती. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि दोघींचंही छान चाललं होतं.

“आक्का, तुला काय कळतंय ती काय म्हणतेय ते?”

“भाजी महाग झालीय म्हणतेय,” आक्का म्हणाली. “दुसरं काय म्हणणार?”

शुक्रवारी आम्ही जुनं रोम बघितलं. शुक्रवार असूनही दुकानं उघडी, ऑफिसं उघडी, बँकेच्या दारात रांग. मला या लोकांच्या कष्टाळूपणाचं कौतुक वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. कलोसियम पाहिलं, भग्न देवळांचे खांब पाहिले. माझ्या कागदावर प्रत्येक ठिकाणाला चौकोन होता आणि चौकोन भरला की मी “चला” म्हणत होतो. आक्का एका तुटक्या पुतळ्याच्या पायाशी उभी राहिली आणि त्याच्या पायाची बोटं बघू लागली. “चला आक्का,” मी म्हणालो. ती आली. पुढे एका कमानीवरच्या नक्षीपाशी पुन्हा थांबली. पुन्हा मी तिला हाक मारली, आणि ती आली.

एका चौकात लोखंडी नळ होता, त्यातून पाणी सरळ रस्त्यावर धो धो वाहत होतं. आम्ही तिघंही थबकलो. बहारीनमध्ये नळाचं पाणी मचूळ, पिण्याचं गोडं पाणी आम्ही कॅन भरभरून विकत आणतो. मिरजेतली पाण्याची टंचाई तर आक्का जाणते. मी खाली वाकून नळाची चावी शोधू लागलो. वर नाही, खाली नाही, मागे नाही. एक म्हातारा माझी ती खटपट बघत उभा होता. त्याने हसत हसत नळाच्या तोंडावर बोट दाबलं, तर वरच्या भोकातून पाण्याची धार उडाली आणि माझा स्वेटर भिजला. “सेम्प्रे, सेम्प्रे!” (कायम, कायम!) तो म्हणाला. हे पाणी असंच वाहतं, दिवसरात्र, आणि प्यायचं असतं. आक्का ओंजळीने पोटभर पाणी प्यायली. मला मात्र त्या वाहत्या पाण्याकडे पाठ करून पुढे जाताना उगाच कसंसंच होत होतं.

जेवायला एका खाणावळीत स्पागेत्ती आल्यो ए ओल्यो (लसूण, तेल आणि सुक्या मिरचीत परतलेल्या लांब शेवया) मिळाल्या. आक्काने एक घास खाल्ला आणि म्हणाली, “ही तर आपली फोडणी. नुसत्या फोडणीवर जेवतात होय हे?” मग पर्समधून मेतकूट काढून वर भुरभुरवलं. वाढणारा माणूस डोळे विस्फारून बघत राहिला. तिने त्याच्याही तळहातावर चिमूटभर ठेवलं. त्याने ते चाटून पाहिलं आणि आत जाऊन स्वयंपाक्याला बोलावून आणलं.

शनिवारी बसने शहराबाहेर तिवोलीला गेलो. डोंगरउतारावर बाग आणि जिकडे पाहावं तिकडे कारंजी. पण माणसांची ही गर्दी! आईबाप, पोरं, आज्या, हातात हात घालून चाललेली जोडपी. “शनिवारी सकाळी एवढी माणसं रिकामी कशी?” मी म्हणालो.

“त्यांचीही काहीतरी ईद असेल,” सुषमा म्हणाली.

आणि मी, प्लॅनिंग इंजिनिअर, यावर “असेल” म्हणून पुढच्या कारंज्याकडे वळलो! पुढे हमीदभाईंना हा किस्सा सांगितला तेव्हा ते टाळ्या देऊन हसले. त्या दिवशी मात्र आक्कासुद्धा मजेत होती. दुसऱ्या दिवशी तिचं छत होतं. परतीच्या बसमध्ये ती माझ्याच हाताकडे बघत बसली होती. “काय गं?” म्हटलं तर म्हणाली, “हाडं कुठं वळतात ते आठवून ठेवतेय. उद्या ताडून बघायचंय.”

संध्याकाळी पेन्सिओनेत आलो. मालकीणबाई टेबल पुसत होत्या. सकाळी नाश्ता जरा लवकर मिळेल का, हे विचारायचं म्हणून मी शिकून ठेवलेले शब्द जोडले. “दोमानी, मुझेई. व्हॅटिकन!” (उद्या, म्युझियम.)

त्यांनी फडकं खाली ठेवलं. “दोमानी? दोमानी ए दोमेनिका.”

“यस, दोमेनिका. संडे.” मी अभिमानाने मान डोलावली. “वर्किंग डे. नो क्राउड.”

बाईंनी माझ्याकडे, मग सुषमाकडे पाहिलं. मग दोन्ही हात छातीवर जोडून प्रार्थनेची खूण केली आणि हवेतच दार लावून घेतलं. “किऊझो. दोमेनिका, किऊझो.” (बंद. रविवारी बंद.)

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शुक्रवारच्या त्या उघड्या बँका, शनिवारची ती गर्दी, सगळं एकदम जागच्या जागी बसलं. रविवार! चर्चचा दिवस! हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? मी मिशनऱ्यांच्या शाळेच्या कुंपणाशेजारी वाढलो. पण सवय ज्ञानाला कशी गिळून बसते ते तेव्हा कळलं. प्रवासाच्या पुस्तकातही पाहून घेतलं. महिन्यातून एक शेवटचा रविवार तेवढा म्युझियम उघडं असतं आणि उद्याचा रविवार तो नव्हता. सोमवारी ते पावणेनऊला उघडणार आणि आमचं विमान साडेदहाला, विमानतळ शहराबाहेर लांब. कसाही कागद मांडला तरी बसत नव्हतं.

आक्काला मी सांगितलं. ती ऐकत होती आणि हातातली दशमी मोडत होती. “बरं,” ती म्हणाली. एवढंच. तिचं ते ‘बरं’ मी लहानपणापासून ऐकत आलोय. मिरजेत दारिद्र्य होतं तेव्हाही ती असंच बरं म्हणायची.

रविवारी सकाळी ती म्हणाली, “बाहेरून तरी बघून येऊ.” चौसष्ट नंबरच्या बसने गेलो. व्हॅटिकनच्या चौकात घंटा वाजत होत्या, हजारो माणसं ठेवणीतले कपडे घालून आली होती. आक्का त्या उंच भिंतीच्या कडेकडेने चालत राहिली, आम्ही मागून. बरंच वळून गेल्यावर म्युझियमचं दार लागलं, बंद. तिने दाराला हात लावून पाहिला आणि समोरच्या दगडी कठड्यावर बसली.

मी तिच्या शेजारी बसून कागद काढला. सोमवारऐवजी गुरुवारचं विमान धरलं तर? पण मंगळवारपासून आमच्या कारखान्याचं शटडाऊन (वर्षातून एकदा सगळं बंद ठेवून करायची दुरुस्ती) सुरू होणार होतं आणि त्याचा कागद माझाच होता. सुषमाची रजाही सोमवारी संपत होती. “मी फोन करून बघते,” ती म्हणाली. “वन्संबरोबर मी राहते. होईल काहीतरी.”

“नंदू, तो कागद ठेव आधी,” आक्का म्हणाली. “तुम्ही दोघं उद्या जा. मी राहते.”

“एकटी?”

“एकटी.”

“अगं, तुला इंग्रजी धड येत नाही, इटालियन तर सोडच. चुकलीस म्हणजे? पाकीट मारलं म्हणजे? आजारी पडलीस म्हणजे?”

“मिरजेहून बहारीनला एकटीच आले ना?”

“विमानतळावर मी उभा होतो.”

“विमानात कुठं होतास?” तिने शांतपणे विचारलं. “हे बघ, भाजी सोलून देईन म्हटलं तर ती बाई मला चार दिवस सांभाळेल. बस कुठली ते मी आज बघितलं. दार कुठंय तेही बघितलं. आणखी काय लागतं?”

“आक्का, पुढच्या वर्षी पुन्हा येऊ की. मी नीट प्लॅन करतो.”

“नको,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तिच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा तसला तो होता. “पुढचं वर्ष कुणी बघितलंय? तुझ्या शाळेपासून तुझ्या लग्नापर्यंत मी सगळं पुढं ढकलत आले. हे नाही ढकलणार.”

सुषमाने माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि आपल्या पर्समध्ये टाकला.

विमान कंपनीचं ऑफिसही रविवारी बंद, म्हणून थेट विमानतळावर जाऊन आम्ही तिची तारीख गुरुवार करून आणली. मालकीणबाईंना खुणांनी सांगितलं. त्यांनी आक्काला मिठीत घेतलं आणि मला हाताने बाहेरचा रस्ता दाखवला.

सोमवारी सकाळी आम्ही बॅगा भरत होतो, तर आक्का दारात उभी. नऊवारी, त्यावर स्वेटर, त्यावर मालकीणबाईंचा जाडजूड कोट, गळ्यात पर्स. निरोप घ्यायला आली असं मला वाटलं. “मी निघाले,” ती म्हणाली. “रांग लागायच्या आत पोचते. तुम्ही सावकाश जा. डबा घ्या आठवणीने.” आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा. मी खिडकीत धावलो. रस्ता ओलांडताना ती दोन्हीकडे बघत होती आणि मग बसच्या थांब्यावर लोकांत मिसळून गेली. लहानपणी मला एस.टी.त बसवून तीच थांब्यावर उभी राहायची. मी खिडकीत उभा राहून रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

बहारीनला परतलो आणि शटडाऊन सुरू झालं. तसं ते झकास चाललं, माझ्या कागदाप्रमाणे. पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मंगळवारी पेन्सिओनेला फोन लावला. मालकीणबाई ओरडल्या, “सिन्योरा? मुझेई! मुझेई!” बुधवारी लावला तेव्हाही तेच, “मुझेई!” आणि वर खळखळून हसल्या. रोज म्युझियममध्ये? की चुकलीय आणि या मला सांगत नाहीत? सुषमा म्हणायची, “वन्सं लहान आहेत का?” पण तीही फोनपाशीच घुटमळत असायची.

गुरुवारी संध्याकाळी फोन वाजला. बहारीन विमानतळाच्या आतल्या ट्रान्झिट हॉलमधल्या एका मल्याळी बाईने नंबर फिरवून दिला होता. “हॅलो, नंदू? मी पोचले रे. मुंबईचं विमान अजून लागलं नाही.”

“आक्का! बरी आहेस ना? पाहिलंस का?”

“पाहिलं.” पलीकडे विमानांच्या घोषणा चालल्या होत्या. “पहिल्या दिवशी काही दिसलंच नाही. मान वर केली आणि डोळे भरून आले, सगळं धूसर. नुसती रडत उभी राहिले. म्हणून मंगळवारी पुन्हा गेले. त्या दिवशी हात बघितले.”

“मग? कसे आहेत?”

“मी मुलींना मनगट चुकीचं शिकवलं रे इतकी वर्षं,” ती म्हणाली आणि हसली. किती मोकळी हसली! “कागदावर तेवढं दिसतच नव्हतं. काल पुन्हा गेले. भिंतीला लागून बाक आहेत, त्यावर जागा मिळाली. माणसं येत होती, जात होती. मी बसूनच होते.”

“किती वेळ?”

“ते नाही बघितलं. मन भरलं तेव्हा उठले. कुणी उठवलं नाही नंदू, माझी मीच उठले.”

सुषमाने रिसीव्हर घेतला आणि दोघी कोटाबद्दल काहीतरी बोलत राहिल्या. तो कोट मालकीणबाईंनी परत घेतलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जेवायला हमीदभाई आले. टेबलाशी बसत त्यांनी विचारलं, “काय साहेब, कसं काय झालं तुमचं रोम?”

विमानात बसताना या प्रश्नाचं ‘आक्काला रोम दाखवून आणलं’ हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. आता मी ते बाजूला ठेवलं.

“आक्का रोमला जाऊन आली, हमीदभाई,” मी म्हणालो. “आम्ही तिला सोडायला गेलो होतो.”